जितका मार, तितकं टणक

रेल्वेच्या इंजिनात स्टीअरिंग नसतं. लोको पायलटला गाडी पळवता येते, थांबवता येते, भोंगा वाजवता येतो. पण डावीकडे जायचं की उजवीकडे, हे त्याच्या हातात नसतं. ते ठरवतात रूळ. नागपुरात अजनीला विजेवर चालणाऱ्या इंजिनांचं मोठं शेड आहे. तपासणीला किंवा दुरुस्तीला आलेलं इंजिन एका रुळावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं करत आपल्या जागी जाऊन उभं राहतं. जिथे वाट फुटते, तिथे जमिनीलगत एक करामत बसवलेली असते. तिचं नाव पॉइंट.

पॉइंटमधले दोन रूळ हलतात. त्यांना टंग रेल म्हणतात. टोकाशी ते इतके निमुळते असतात की शेजारच्या जाड रुळाला चिकटले की मधे फटही दिसत नाही. एक टंग रेल असा चिकटतो, तेव्हा दुसरा आपल्या रुळापासून साधारण 115 मिलिमीटर दूर सरकलेला असतो. गाडीच्या चाकाला आतल्या बाजूने उंच कड असते. ही कड चिकटलेल्या टंग रेलला घासत जाते आणि अख्खं इंजिन वळतं. आता जरा हिशोब करा. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएजी-9 इंजिनाचं वजन 123 टन. चाकं 12. म्हणजे एकेका चाकावर 10 टनांहून जास्त भार! आणि चाक रुळाला टेकतं ती जागा केवढी? तुमच्या करंगळीच्या नखाएवढी.

खरी मजा अजून पुढे आहे. पॉइंट ओलांडून थोडं पुढे गेलं की डाव्या वाटेचा एक रूळ आणि उजव्या वाटेचा एक रूळ एकमेकांना छेदतात. तिथून चाकाची कड पलीकडे जायची कशी? तिच्यासाठी रुळात चक्क खाच सोडलेली असते. चाक ती खाच ओलांडतं आणि पलीकडच्या टोकदार भागावर, म्हणजे 'नोज'वर, आदळतं. या सगळ्या जागेला क्रॉसिंग म्हणतात. गाडी स्टेशनात शिरताना पायाखाली खडाक्-खडाक् होतं ना, त्यात या क्रॉसिंगचा मोठा वाटा असतो. नागपूर स्टेशनजवळचं डायमंड क्रॉसिंग तर देशभर प्रसिद्ध आहे. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारे रूळ तिथे एकमेकांना छेदतात. तिथे वाट बदलायची नसते, सरळ ओलांडायची असते. तरी खाचा असतातच, एकेका चौकटीला चार ठिकाणी.

दिवसभर चाकांचे असे घाव बसले तर साधं पोलाद लवकर झिजणार, चेपणार. मग नोज टिकतं कसं?

त्यासाठी 1882 सालच्या इंग्लंडमध्ये जाऊ. शेफील्ड गावात रॉबर्ट हॅडफील्ड नावाचा तरुण वडिलांच्या पोलादाच्या कारखान्यात प्रयोग करत होता. त्याने अजून पंचविशीही गाठली नव्हती. पोलादात मँगनीज थोडं जास्त झालं की ते ठिसूळ होतं आणि हातोड्याने फुटतं, हे तेव्हा माहीत होतं. हॅडफील्ड तरीही मँगनीज वाढवत गेला. ते बारा-तेरा टक्क्यांवर पोचलं तेव्हा अजब घडलं. पोलाद फुटेना! आणखी एक गंमत अशी की नेहमीचं कडक पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं तर ठिसूळ होतं. हे मात्र पाण्यात बुडवल्यावर चिवट झालं. त्याला चुंबकही चिकटेना. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्याला जितकं ठोकावं तितका त्याचा पृष्ठभाग टणक होत जातो. म्हणूनच क्रॉसिंग या मँगनीज-पोलादाचं बनवतात.

असं का होत असेल? धातूत अणूंचे थर असतात. घाव बसला की हे थर एकमेकांवरून घसरतात आणि त्यांच्यात गुंते होतात. गुंते वाढले की पुढचं घसरणं अवघड होतं. धातू टणक झाला, असं आपण म्हणतो ते यालाच. मँगनीज-पोलादात हे फार जोरात होतं. थोडंफार मात्र बहुतेक धातूंत होतं, आणि ते घरीही पाहता येतं. कागदांना लावायची यू-पिन घ्या आणि पूर्ण सरळ करायचा प्रयत्न करा. जुन्या वळणाच्या जागी छोटा उंचवटा राहतोच. तार त्याच्या शेजारी वाकते, पण नेमकी तिथे वाकत नाही! कारखान्यात वळवताना तेवढीच जागा टणक झालेली असते.

आता नागपूरच्या मुलांनी छाती फुगवावी अशी गोष्ट. मँगनीजचं खनिज तुमच्या जिल्ह्याच्या पोटातच आहे. रामटेककडे जाताना मनसर लागतं ना? मनसर आणि कांद्री इथे मँगनीजच्या खाणी आहेत. शेजारच्या भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतही आहेत. हे खनिज काढणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. या भागातल्या मँगनीजवाल्या एका खडकाला तर शास्त्रज्ञांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असं नाव दिलं आहे. मला हे नाव फार आवडतं.

पण कितीही टणक झालं तरी पोलाद झिजतंच. म्हणून पॉइंट आणि क्रॉसिंगची नियमित मोजमापं होतात. टंग रेलच्या टोकापासूनच्या पहिल्या एक मीटरमध्ये सगळे टवके मिळून 200 मिलिमीटर भरले, तर तो टंग रेल बाद. नोज 10 मिलिमीटर झिजलं की त्याचीही पाळी येते. मग 'ब्लॉक' घेतात, म्हणजे ठरलेल्या वेळात त्या रुळावर एकही गाडी किंवा इंजिन येणार नाही अशी रीतसर परवानगी. क्रेन लावायची असेल तर वरच्या तारेतला 25,000 व्होल्टचा प्रवाहही बंद करतात. मग रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची माणसं पहारी घेऊन भिडतात. बोल्ट सुटतात, गिट्टी उकरली जाते, जुनं क्रॉसिंग उचललं जातं. पॉइंटखालचे काँक्रीटचे स्लीपर सगळे सारखे नसतात. दोन वाटा जसजशा दूर जातात, तसतसे ते लांब होत जातात. म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो आणि तो आपल्या क्रमांकावरच बसवावा लागतो.

सगळं बसवून झालं की मोटरवर चालणाऱ्या पॉइंटची परीक्षा. टंग रेलच्या टोकाजवळ, तो आणि जाड रूळ यांच्या मधे 5 मिलिमीटर जाडीची पट्टी धरतात आणि मोटर चालू करतात. टंग रेल पट्टीला अडतो. आता पॉइंटला कुलूप लागता कामा नये आणि सिग्नलही मिळता कामा नये. लागलं तर पॉइंट नापास! एवढ्याशा फटीत चाकाची कड घुसली तर चाक रुळावरून उतरू शकतं.

नवं क्रॉसिंग पहिल्या दिवशी सगळ्यात मऊ असतं, कारण त्याने अजून मार खाल्लेला नसतो. सुरुवातीच्या दिवसांत चाकांखाली त्याचा धातू किंचित दबून कडेला पसरतो. म्हणून माणसं पुन्हा येतात आणि बाहेर आलेली कड ग्राइंडरने घासून काढतात. काही देशांत तर क्रॉसिंग बसवण्याआधीच त्यावर स्फोटकांचा पातळ थर लावून उडवतात, म्हणजे ते आधीच टणक होतं.

आणि काढलेलं जुनं क्रॉसिंग? ते लगेच भंगारात जात नाही. झिजलेल्या जागी वेल्डिंगने नवा धातू चढवून ते पुन्हा वापरता येतं. फक्त हे पोलाद फार तापून हळूहळू निवलं की पुन्हा ठिसूळ होतं. त्यामुळे वेल्डर थोडंसं वेल्डिंग करतो, थांबतो, ते निवू देतो आणि मग पुढचा थर चढवतो.