काचेमागची माणसं

पौष पौर्णिमेला आमच्या म्हशाला म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, टोपल्या, पाळणे, सगळं असतं. माझ्या लहानपणी जत्रेत फोटोवाल्याचा तंबूही असायचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल, वर पूर्ण चंद्र. त्या ताजमहालापुढे लोखंडी खुर्चीवर आई बसली आहे, डोक्यावर पदर, मांडीवर मी, आणि दोघींच्या चेहऱ्यावर सारखीच भीती. आईचा एकटीचा असा फोटो कधी निघालाच नाही. जो होता तो हा.

आई गेल्यावर तो फ्रेम करून घेतला. फ्रेमवाल्याने फोटोवर सरळ काच ठेवली, मागे पुठ्ठा, चार चुका ठोकल्या, झालं. बारा-तेरा पावसाळे गेले. एका दिवाळीत साफसफाई करताना दिसलं की फोटोच्या कोपऱ्यात ढगासारखा डाग आलाय. मला वाटलं, आतून काच पुसून घेऊ. मागचा पुठ्ठा काढला, फोटोचं टोक धरलं आणि हळूच ओढलं. 'हळूच' हा शब्द मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितला! आईचा चेहरा काचेलाच राहिला. माझ्या हातात आला तो ताजमहाल आणि मी.

त्यानंतर दोन वर्षांनी एका पाड्यावरची बाई बचत गटाच्या बैठकीला साडीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आली. म्हणाली, "ताई, एवढी आय मोकळी करून दे." तिचीही आई काचेला चिकटली होती. फोटोत आईच्या मागे त्यांचं जुनं घर, पडवी आणि दारातला आंबा. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातले काही पाडे पाण्याखाली गेले, त्यात ते घर गेलं. म्हणजे आई आणि घर, दोन्ही त्या एकाच कागदावर. मी फ्रेम हातातसुद्धा घेतली नाही. "काही करू नकोस, ओढू तर अजिबात नकोस," एवढंच सांगितलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मग कल्याणच्या एका जुन्या फोटोग्राफरकाकांकडे गेले, एका फ्रेमवाल्याकडे तासन् तास बसले, मिळालं ते वाचलं. त्यातलं आपल्या कामाचं तुम्हाला सांगते.

मैत्रिणींनो, फोटो चिकटतो का, तर जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. चित्र त्या थरातच असतं. पावसाळ्यात हवेतली ओल लागली की हा थर मऊ पडतो, आणि गुळगुळीत काच त्याला टेकलेली असली की दोघं एकजीव होतात. पावसाळा संपला, थर वाळला, की ती गाठ पक्की. आपल्या शहापूर-मुरबाडकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. चार महिने पापडाच्या डब्याला जी काळजी, ती फोटोला कोण घेतं?

उपाय अगदी साधा आहे. काच आणि फोटो यांच्यामध्ये जागा हवी. फ्रेमवाल्याकडे 'माउंट' मिळतो, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. फोटोभोवती पांढरी किंवा बदामी चौकट दिसते ती. आपण समजतो ती शोभेसाठी आहे आणि "नको, तेवढे पैसे वाचतील" म्हणतो. शोभा वगैरे ठीक आहे, पण त्या पुठ्ठ्याच्या जाडीमुळे काच फोटोपासून दूर राहते, हे त्याचं खरं काम. माउंट नको असेल तर चौकटीच्या आत, काचेच्या कडेने पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या लावून घ्या. त्या चौकटीच्या कडेआड लपतात.

दुसरी गोष्ट पाठीची. जुनी फ्रेम उघडलीत तर मागे काय निघतं? वर्तमानपत्र, साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि पिठाची खळ. साधा पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा कागद यांत आम्ल असतं. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडून तुकडे होतात ना, तेच आम्ल फोटोत उतरतं आणि तपकिरी डाग पडतात. खळीला कसर लागते. वाळवीला तर पुठ्ठा म्हणजे पंचपक्वान्न. शहरातल्या फ्रेमवाल्यांकडे अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा मिळतो. कल्याण-ठाण्याला गेलात तर एक मोठा ताव आणून ठेवा, पाच-सहा फोटोंना पुरतो. फोटो त्यावर डिंकाने, फेव्हिकॉलने किंवा सेलोटेपने चिकटवू देऊ नका. चार कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यात फोटो अडकवायचा. आपल्या आज्या अल्बममध्ये काळ्या कागदावर तसेच लावायच्या. पुढे चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम आले. आमच्या लग्नाचा अल्बम तसाच. आता त्या गोंदाचे पिवळे पट्टे माझ्या शालूवर उमटलेत.

लॅमिनेशनचं एक खूळ मध्यंतरी सगळीकडे होतं. रेशनकार्डही लॅमिनेट आणि आजोबाही लॅमिनेट! गरम करून बसवलेलं प्लॅस्टिक पुन्हा सुखरूप काढता येत नाही. कडेने पाणी शिरलं तर फोटो आत गुदमरतो. जुना, एकुलता एक फोटो कधीही लॅमिनेट करू नका. हवी तर त्याची प्रत करा आणि तिला करा.

आता भिंत. आपल्याकडे गेलेल्या माणसांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावायची रीत आहे. आणि पाऊस कुठून येतो? नैऋत्येकडून. म्हणजे ज्या भिंतीवर पावसाचा मारा जास्त, नेमकी तीच आपण पितरांना दिली. आमच्या घरात सासऱ्यांच्या फोटोमागे ऑगस्टमध्ये भिंत हाताला ओली लागायची. मी रीत मोडली नाही, फक्त भिंत बदलली. बाहेरच्या भिंतीऐवजी मधल्या पडभिंतीवर, फोटोचं तोंड पूर्वीच्याच दिशेला. सासूबाईंना आधी पटेना. मग त्यांनीच भिंतीला हात लावून पाहिला. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा. फ्रेम भिंतीपासून अर्धा बोट सुटते आणि मागून हवा खेळते.

उन्हाचंही तसंच. दारातून थेट ऊन येतं त्या भिंतीवर फोटो नको. जुने कृष्णधवल फोटो बिचारे चिवट, त्यांत चांदी असते. रंगीत फोटोंतले रंग मात्र उडतात. १९८० च्या आसपासचे लग्नाचे फोटो काढून पाहा, नवरा-नवरी लालसर दिसतील, मागची हिरवी झाडंसुद्धा तांबूस.

आणि हार! फोटोला ताजा ओला हार घालतो, कपाळावर गंध लावतो, खाली समई आणि उदबत्ती. हे सगळं करू नका असं मी म्हणणार नाही, मीही करते. पण हार निथळून घाला आणि संध्याकाळी काढा. गंध काचेवर, फोटोवर नाही. समई वीतभर पुढे ओढा, काजळी नि तेलाचा थर बसत नाही. पुसताना फडकं ओलं करायचं, काच नाही. काचेवर पाणी शिंपडलं की ते खाली ओघळून चौकटीच्या खाचेतून आत जातं, आणि मग डाग नेहमी खालून वर का चढतो याचं आपल्याला नवल वाटतं.

देवांच्या तसबिरींचं थोडं सांगायला हवं. गावोगाव पिंपळाखाली फुटक्या काचेचे, वाळवी लागलेले देव नेऊन ठेवलेले असतात. फुटकी तसबीर घरात नको, हे खरं. पण काच बदलता येते की. त्यातली एखादी तसबीर शंभर वर्षांची असू शकते. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला, विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांपैकी. तिथे देवदेवतांची रंगीत चित्रं छापली जात. १८९४ मध्ये राजा रविवर्मांनी मुंबईत आपला छापखाना सुरू केला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घाटापलीकडे, म्हणजे आपल्यापासून काही फार लांब नाही. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमात येण्याआधी या छापखान्यासाठी काम केलं होतं. त्याआधी देव देवळात नाही तर देव्हाऱ्यात. या छापील चित्रांमुळे ते गरिबाच्या भिंतीवरही आले. कमळात उभी असलेली लक्ष्मी म्हटलं की जी डोळ्यापुढे येते, ती आपल्या मनात रविवर्मांच्या चित्रानेच बसवली. बायकांनी त्या चित्रांना खऱ्या जरीच्या साड्या नेसवल्या, टिकल्या-मणी शिवले. असं काही तुमच्या माजघरात असेल तर चित्राच्या खालची पांढरी कड पाहा. तिथे बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं. फ्रेमवाला चौकटीत बसवण्यासाठी नेमकी तीच कड कापतो. त्याला सांगा, चौकट मोठी कर, चित्र लहान करू नकोस.

वारली चित्रांचं दुखणं निराळं. लग्नाचा चौक मुळात सुवासिनींनी कुडाच्या भिंतीवर लिहायचा, तांदळाच्या पिठाने, आणि तो टिकवायचा असा विचारच नव्हता. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर, कापडावर नेली आणि जगभर पोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. भिंतीवरचा चौक पुसला तर पुढच्या लग्नात नवा येतो. कागदावरचा येत नाही. पिठामुळे त्यावर किडे येतात, आणि ओल्या फडक्याचा एक हात फिरला की पांढरी माणसं गेलीच. म्हणून त्याला काच हवी, मध्ये जागा हवी, आणि मागचा ब्राऊन पेपर दर दिवाळीत भोकं पडलीत का ते बघायला हवं.

पुराचं मात्र न विसरता सांगते. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूरकडे घराघरांत पाणी शिरलं तेव्हा लोकांनी भिजलेले अल्बम चिखल म्हणून टाकून दिले. त्यातले बरेच वाचले असते. ओले फोटो एकमेकांवर वाळू द्यायचे नाहीत, वाळले की वीट होते. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवून पाण्यातच अलगद सुटे करायचे, चित्राला बोट न लावता कडेने धरायचं, मग चित्राची बाजू वर करून सावलीत सुती कापडावर पसरायचे. दोन दिवसांच्या आत हे व्हायला हवं, नंतर बुरशी धरते. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, त्यांची शाई विरघळते. बुरशी धरलीच तर आधी फोटो पूर्ण वाळू द्या, मग नाकाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशने झटका.

"आता सगळं मोबाइलमध्ये असतं हो," असं माझी मुलगी म्हणते. असतं खरं. मागच्या वर्षी तिचाच मोबाइल विहिरीत पडला. आणि दुसरी एक गोष्ट मला बैठकांना जाऊन जाऊन दिसली. कुणाच्या घरी गेले की मी भिंतीकडे पाहते. सासरे, चुलतसासरे, दीर, पुढारी, साईबाबा. सासूबाई कुठे? गेलेल्या बाईचा फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू होते आणि शेवटी आधारकार्डावरचा टिकलीएवढा चेहरा मोठा करून आणतात. तिचे नाक-डोळे ओळखू येत नाहीत, तरी त्याला हार घालतात. म्हणून आमच्या गटात आम्ही ठरवलं, दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीचा एक चांगला फोटो काढायचा, उजेडात, हसून, आणि तो कागदावर छापून घ्यायचा. वाणात दुसरं काही नको. पहिल्या वर्षी दोघी-तिघी पदर तोंडावर घेऊन पळाल्या. दुसऱ्या वर्षी त्याच आधी रांगेत होत्या, एकीने तर जावेची नथ मागून आणली.

राहिली ती पाड्यावरची फ्रेम. काकांनी सांगितलं होतं, चिकटलेला फोटो घरी सोडवायचा नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात या कामातली जाणती माणसं आहेत, पण तिला तिथवर जायचं नव्हतं. मग आम्ही दुसरी वाट धरली. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, फ्रेम तिच्या ओट्यावर उभी केली. काच बाहेरून पुसली, फ्लॅश बंद केला, काचेत आमचीच प्रतिबिंबं दिसू नयेत म्हणून मागे एकीने काळी घोंगडी धरली, आणि काचेवरूनच फोटोचा फोटो घेतला. दहा-बारा घेतले, त्यातला एक स्वच्छ आला. पडवी आली, आंबा आला, आईच्या पायाजवळची कोंबडीसुद्धा आली, जी तिने इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक माउंट लावून मधल्या भिंतीवर, एक तिच्या भावाकडे. मूळ फोटो काचेसकट, तसाच, मागे नवा पुठ्ठा घालून कोरड्या सुती कापडात गुंडाळून तिच्या पत्र्याच्या पेटीत, पेटी जमिनीपासून वर फळीवर.

प्रतीच्या मागे नाव लिहायला मी पेन्सिल काढली. मऊ पेन्सिलच वापरायची, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे चेहऱ्यावर वळ उठतो. "आयचं नाव काय गं?" विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "आयच म्हणायचो," म्हणाली. "बा हाक मारी ती 'अगं' अशी." मग पलीकडच्या पाड्यावरच्या तिच्या मावशीला विचारायला पोरगा पळवला. तो येईपर्यंत अंधार पडला होता. नाव त्याने दारातूनच ओरडून सांगितलं. तिने ते दोनदा स्वतःशी म्हटलं, आणि मला म्हणाली, "मोठ्या अक्षरात लिव."