कठीण खेळांतील आनंद : ‘चुकणे’ आणि ‘चुकवणे’

खेळ हा विश्रांतीसाठी असतो आणि विश्रांती म्हणजे कष्टांचा अभाव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत खरी मानली, तर व्हिडिओ गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावरील खेळांपैकी जे अतिशय कठीण आहेत ते कोणी खेळताच कामा नयेत. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेच्या ‘डार्क सोल्स’ (२०११) या खेळाची ख्याती मुळी त्याच्या अवघडपणामुळे झाली. आणि त्याच संस्थेच्या, त्याच वळणाच्या ‘एल्डन रिंग’ (२०२२) या खेळाच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. इतकी माणसे पदरचे पैसे खर्चून पुनःपुन्हा हरण्यास का तयार होतात, हा प्रश्न केवळ करमणुकीचा म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही.

माझ्यापुरता हा प्रश्न एका विद्यार्थ्यामुळे उपस्थित झाला. पनवेल येथील आमच्या वर्गातील हा विद्यार्थी ध्वनिविचाराच्या चाचणीत दोनदा अनुत्तीर्ण झाला आणि तो विषयच सोडून देण्याची भाषा बोलू लागला. तोच विद्यार्थी एका खेळातील एकाच राक्षसाच्या हातून तीन आठवडे रोज रात्री मरत होता आणि त्या मरणांविषयी मोठ्या उत्साहाने बोलत होता. “सर, काल चाळीस वेळा मेलो,” असे त्याने मला सांगितले, तेव्हा त्याच्या स्वरात खेद नव्हता. प्रस्तुत लेखाचा उगम या वाक्यात आहे, आणि लेखक भाषाशास्त्राचा असल्यामुळे विवेचनही या वाक्याच्या आधारानेच करावयाचे आहे.

प्रथम खेळ म्हणजे काय ते पाहू. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा : ज्या अडथळ्यांची मुळीच गरज नव्हती ते स्वेच्छेने पत्करून ओलांडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे खेळणे. या व्याख्येची प्रचीती घेण्यासाठी पडद्याकडे जाण्याचे कारण नाही; रायगड जिल्ह्यातील कोणतेही कबड्डीचे मैदान पुरेसे आहे. समोरच्या अंगणात जाऊन गड्याला स्पर्श करून परत यावयाचे, एवढाच हेतू असता तर दम धरण्याचे काय प्रयोजन होते? परंतु चढाई करणाऱ्याने एकाच श्वासात, स्पष्ट ऐकू येईल असा उच्चार अखंड करीत राहिले पाहिजे, हा नियम केला आणि त्या क्षणी त्या धावपळीचा खेळ झाला. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हा नियम फारच मार्मिक आहे. आपले सामान्य बोलणे बाहेर जाणाऱ्या हवेवर होते. सबब उच्चार अखंड चालू असणे हाच गड्याने मध्ये श्वास आत घेतला नसल्याचा पुरावा होय. पंचाला गड्याच्या छातीत डोकावावे लागत नाही, कान दिला की पुरते. अवघडपणा आहे, पण तो सर्वांच्या समोर, कानी पडेल असा आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

कबड्डीचे, अर्थात आपल्या जुन्या हुतूतूचे, आणखी एक ऋण मान्य केले पाहिजे. पडद्यावरील खेळ रचणारांना ज्या प्रश्नाने सतत सतावले आहे, तो म्हणजे मरणाची किंमत काय ठेवावी, हा. त्याची तीन उत्तरे आपल्याकडे पूर्वीच देऊन ठेवलेली आहेत. ‘संजीवनी’ प्रकारात आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला मेलेला गडी उठतो. ‘गामिनी’ प्रकारात मेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसतो. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहतो, केवळ प्रतिपक्षास गुण मिळतो. आजची स्पर्धात्मक कबड्डी संजीवनीच्या तत्त्वावर चालते. या तिहींत गामिनी सर्वांत कठोर खरी. परंतु मेलेल्या गड्याला शिकण्याची संधी तीत सर्वांत कमी मिळते, हेही लक्षात घेतले पाहिजे. कठोरपणा आणि कठीणपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

माझ्या पिढीला हा भेद ‘कॉन्ट्रा’ने शिकवला. १९८७ सालचा हा कोनामी कंपनीचा खेळ नव्वदीच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या स्वस्त नकली यंत्रांतून आपल्याकडील घराघरांत पोचला. वडाळे तलावाच्या बाजूला एका मित्राच्या घरी आम्ही चौघे-पाच जण तो आळीपाळीने खेळत असू. तीन ‘जीव’ मिळत, एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि सगळे जीव व पुन्हा आरंभ करण्याच्या मोजक्या संधी संपल्या की पहिल्यापासून सुरुवात. (‘लाइफ’ या इंग्रजी शब्दाचे ‘जीव’ हे भाषांतर आम्हांला कोणी करून दिले नव्हते, ते आपोआप झाले. ‘राज्य’, ‘डाव’, ‘गडी’ या शब्दांच्या पंक्तीत ते सहज बसले.) कोनामीच्या खेळांतील कळांचा तो प्रसिद्ध गुप्त क्रमही पुढे कानी आला. तो कझुहिसा हाशिमोतो या रचनाकाराने ‘ग्रेडियस’ या खेळासाठी १९८६ च्या सुमारास केला होता. कारण खेळ तपासून पाहावयाचा तर तो त्याला स्वतःलाच फार कठीण वाटत होता! ‘कॉन्ट्रा’त या क्रमाने तीस जीव मिळत. तीस जीव घेऊन आम्ही खेळ संपवला आणि दुसऱ्या दिवशी मित्राच्या मोठ्या भावाने विचारले, “तिसात की तिनात?” या प्रश्नाला तिसात असे उत्तर देताना वाटलेली लाज मला अजून आठवते. खेळ तोच, शेवट तोच. मिळवलेली वस्तू मात्र तीच नव्हती.

आता मूळ वाक्याकडे वळू. ‘मी मेलो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून व्यवहारात ते शब्दशः खरे म्हणून कोणालाच उच्चारता येत नाही. प्रथमपुरुष, भूतकाळ आणि ‘मरणे’ हे क्रियापद यांचा सरळ अर्थाने संयोग केवळ खेळातच शक्य होतो. विद्यार्थ्यांची खेळाविषयीची बोलणी मी गेले काही महिने कान देऊन ऐकत आहे. ही पद्धतशीर पाहणी नव्हे आणि तिच्यावरून मी आकडे काढणार नाही. परंतु एक गोष्ट वारंवार ध्यानी आली. ज्या खेळाविषयी आदर असतो त्यात मुले ‘मेलो’, ‘मेले’, ‘चुकलो’, ‘चुकले’ असे कर्तरी प्रयोगात बोलतात. कर्ता ‘मी’ असतो. ज्या खेळाविषयी चीड असते त्यात ‘मला मारलं’, ‘गेमनं फसवलं’ अशी वाक्ये येतात, कर्ता बदलतो. अवघडपणाचे प्रमाण दोहोंत सारखे असू शकेल. अपयशाचा कर्ता कोण, हा निवाडा बोलणाराने क्रियापद निवडतानाच केलेला असतो.

याहून अधिक बोलके क्रियापद म्हणजे ‘चुकणे’. ‘मी चुकलो’ म्हणजे माझ्या हातून दोष घडला. ‘बाण चुकला’ म्हणजे तो लक्ष्यावर लागला नाही. याच धातूचे प्रयोजक रूप ‘चुकवणे’ : घाव चुकवणे, नजर चुकवणे. आता ‘डार्क सोल्स’मध्ये घडते काय, ते पाहा. शत्रू तलवार उगारतो. उगारण्यापूर्वी त्याचा खांदा मागे जातो, पाऊल वळते. ही खूण नवख्याला दिसत असूनही वाचता येत नाही. तो चुकतो आणि मरतो. शत्रू पुन्हा त्याच जागी, त्याच हालचालींच्या साठ्यासह उभा असतो. दहाव्या, विसाव्या, चाळिसाव्या वेळी खूण वाचता येऊ लागते आणि खेळाडू घाव चुकवतो. जो चुकत होता तो आता समोरच्याच्या घावाला चुकावयास लावतो. या सर्व काळात यंत्रातील शत्रू तसूभरही सौम्य झालेला नाही. बदललेला आहे तो खेळणारा. परकी भाषा शिकताना आरंभी जो निव्वळ गोंगाट वाटतो त्यातून हळूहळू शब्द सुटे होऊ लागतात, त्या अनुभवाशी याचे साम्य मला फार जवळचे वाटते. कठीण खेळातील आनंद हा विजयाचा असण्यापेक्षा वाचता येऊ लागल्याचा आहे, असे माझे मत आहे. म्हणूनच विजयाच्या आदल्या रात्रीही तो विद्यार्थी आनंदात होता.

या खेळातील मरणाची किंमतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. मेल्यावर खेळाडूने साठवलेली कमाई मरणाच्या जागी पडून राहते. तेथवर पुन्हा पोचल्यास ती परत मिळते, वाटेत दुसऱ्यांदा मेल्यास कायमची जाते. ही गामिनी नव्हे आणि अमरही नव्हे. संजीवनीचाच एक एकाकी प्रकार आहे, ज्यात स्वतःला उठवणारा गडीही आपणच.

येथे साहित्यशास्त्राचे अभ्यासक एक शंका उपस्थित करतील. दुःखातून आनंद कसा, हा प्रश्न आपल्याकडे करुण रसाच्या संदर्भात शतकानुशतके चर्चिला गेला आहे. करुणात दुःखच असते तर प्रेक्षक त्याच्याकडे वळलेच नसते, हा विश्वनाथाचा ‘साहित्यदर्पणा’तील युक्तिवाद सर्वांस परिचित आहे. डेन्मार्कचे अभ्यासक येस्पर यूल यांनी ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ (२०१३) या पुस्तकात खेळातील अपयशाचा प्रश्न शोकांतिकेच्या याच कोड्याशेजारी ठेवला आहे. तुलना उद्बोधक आहे, परंतु ती एका ठिकाणी तुटते. रंगभूमीवरील दुःख साधारणीकृत असते. ते माझेही नसते आणि परक्याचेही नसते. पडद्यावरील खेळात मात्र ‘मेलो’मधील ‘मी’ साधारण होत नाही. चूक माझीच होती, बोटे माझीच होती. त्यामुळे रसचर्चेतील उत्तर येथे जसेच्या तसे लावता येणार नाही.

मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांचा सिद्धांतही या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. आव्हान कौशल्यापेक्षा फार मोठे असेल तर धास्ती, फार लहान असेल तर कंटाळा, आणि दोहोंचा मेळ बसला की तल्लीनता, असे त्यांचे १९७५ पासूनचे प्रतिपादन. ते बरोबर आहे. पण चाळीस मरणांचा उलगडा त्याने पूर्ण होत नाही, कारण त्या काळात मेळ बसलेला नव्हताच. अवघडपणाची चढण मात्र या सिद्धांताने चांगली समजते. आपल्या विटीदांडूत ती स्पष्ट दिसते. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, झंकू, या एका प्रचलित क्रमात विटी ठेवण्याची जागा दर पायरीला बदलते आणि टोला मारणे अधिकाधिक अडचणीचे होते. यांतील पहिली चार नावे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यावाचकांशी उघड नाते सांगतात, तर ‘आरु’ हा तेलुगूत सहा असून येथे पाचव्या जागी येतो. गावोगावी पाठभेद आहेत, आणि हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. यंत्रयुगात अशी चढण एकदा तर अपघाताने सापडली. निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) शत्रू मारले जाऊन कमी होत तसतसा यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेले अधिक वेगाने सरकू लागत. रचनाकाराने तो दोष तसाच ठेवला.

मग अवघडपणा कमी करण्याची सोय असावी की नाही? फ्रॉमसॉफ्टवेअरने ‘सेकिरो’ (२०१९) या खेळात ती ठेवली नाही आणि त्यावरून बराच वाद झाला. याउलट ‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढण्याचा खेळ. तोही अतिशय कठीण. परंतु त्यात मरण येताच क्षणार्धात त्याच पडद्याच्या आरंभी पुन्हा उभे राहता येते, आणि ज्याला हवे त्याला खेळाची गती मंद करण्याची मुभाही आहे. ज्याची बोटे जलद चालत नाहीत अशा माणसाला दारातूनच परत पाठवण्यात मला काही थोरवी दिसत नाही. मित्राच्या भावाचा तो प्रश्न माझ्या मनात अजून आहे हे खरे, पण तो प्रश्न भावाने विचारावयाचा, यंत्राने नव्हे. मोबाइलवरील कित्येक खेळांची गोष्ट निराळी आहे. तेथे अडथळा मुद्दाम कंटाळवाणा करून तो ओलांडण्याची सवलत विकली जाते. त्याला मी कठीण खेळ म्हणणार नाही. ती जकात आहे.

राहता राहिला आमचा विद्यार्थी. त्याच्या दोन्ही चाचण्यांच्या उत्तरपत्रिका मी काढून पाहिल्या. त्या मीच तपासलेल्या होत्या. पहिलीवर चौदा आणि दुसरीवर सोळा असा आकडा होता आणि काही ठिकाणी तांबडी फुली. उच्चारस्थान चुकले की प्रयत्न चुकला, हे कोठेही लिहिलेले नव्हते. पत्रिका परत मिळाल्या त्या पाच आठवड्यांनंतर, आणि तोवर पुढचा घटक सुरू झालेला होता. त्याने विषयाबद्दल माझ्याकडे तक्रार केली तेव्हा तो ‘मी नापास झालो’ असे म्हणाला नव्हता; ‘मला नापास केलं’ असे म्हणाला होता. या सत्रात त्या घटकाची चाचणी दर शनिवारी, दहा गुणांची, त्याच तासाला तपासून आणि हवी तितक्या वेळा देता येईल अशी ठेवली आहे. तो तीनदा बसला आहे. गेल्या खेपेस मूर्धन्य आणि दंत्य यांत त्याची गल्लत झाली, आणि ती कोठे झाली ते त्याने मी सांगण्यापूर्वीच सांगितले.