नोकरीसाठीचे परिचयपत्र : नाशिक जिल्ह्यातील पदवी विद्यार्थी आणि प्राध्यापकांची भूमिका

बीजसंज्ञा : परिचयपत्र, बायोडाटा, रोजगारक्षमता, कमवा व शिका योजना, कार्यानुभव

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्यात रोजगाराच्या वाटा अनेक आहेत. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना, निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षशेती आणि लासलगावची कांद्याची बाजारपेठ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या वाटांवर पहिले पाऊल टाकताना पदवीधरास आपले परिचयपत्र, म्हणजेच रूढ भाषेतील बायोडाटा, रेझ्युमे किंवा सीव्ही, सादर करावे लागते. महाविद्यालयात तीन-चार वर्षे शिकलेला विद्यार्थी हे लेखन मात्र अनेकदा झेरॉक्सच्या दुकानातील तयार नमुन्यावरून करतो. त्यामुळे त्याने प्रत्यक्ष केलेले काम कागदावर येतच नाही. ही उणीव कशी निर्माण होते आणि ती दूर करण्यात प्राध्यापक कोणती भूमिका बजावू शकतात, याचे विवेचन सदर लेखात केले आहे.

संज्ञा व स्वरूप :

'करिक्युलम व्हिटे' या लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ जीवनक्रम असा होतो. अध्यापन व संशोधन क्षेत्रात सीव्ही विस्तृत असतो, तर उद्योगक्षेत्रात एक-दोन पानांचा रेझ्युमे अपेक्षित असतो. 'बायोडाटा' या शब्दाखाली आपल्याकडे प्रामुख्याने वैयक्तिक माहिती दिली जाते. नाव कोणतेही असले तरी या लेखनाचा हेतू एकच असतो : वाचणाऱ्याची गरज आणि लिहिणाऱ्याची क्षमता यांची सांगड घालणे. लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा शासक लुडोव्हिको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेले पत्र या संदर्भात उद्बोधक आहे. त्या शासकाला युद्धसाहित्याची गरज होती. म्हणून लिओनार्दोने पूल, तोफा व वेढ्याची साधने यांविषयीचे आपले ज्ञान आधी मांडले आणि चित्रकलेचा उल्लेख अखेरीस केला.

प्रचलित नमुन्यातील उणिवा :

प्रचलित नमुन्याची पहिली उणीव म्हणजे त्यावर विवाहासाठीच्या बायोडाट्याची पडलेली छाया होय. जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय यांनी अर्धे पान व्यापलेले असते. खाजगी नोकरीच्या अर्जात, जाहिरातीत मागणी नसल्यास, ही माहिती अनावश्यक आहे. ती अपायकारकही ठरू शकते. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या समाजघटकांचा बोध होईल अशा नावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठविण्यात आले होते. दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी मिळण्याची शक्यता कमी असल्याचे त्यात आढळले. नाव लपविता येत नाही व लपवूही नये. परंतु न मागितलेली माहिती पुरवून पूर्वग्रहाला आणखी आधार देण्याचे कारण नाही.

दुसरी उणीव विशेषणांची आहे. 'प्रामाणिक, कष्टाळू, जिद्दी' हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, म्हणून ते कोणाविषयीच काही सांगत नाहीत. तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. 'वडिलांचा व्यवसाय : शेती' असे लिहिणारा विद्यार्थी त्याच शेतीत स्वतः केलेल्या कामाविषयी एक ओळही लिहीत नाही आणि 'अनुभव' या शीर्षकापुढे 'नाही' असे लिहून मोकळा होतो.

अनुभवाची नोंद :

वास्तविक पाहता ग्रामीण व निमशहरी भागातील विद्यार्थी शिकत असतानाच अनेक कामे करतो. सुट्टीत आडत्याच्या गाळ्यावर हिशेबपट्ट्या लिहिणे, द्राक्षांच्या हंगामात पॅकहाऊसमध्ये प्रतवारीवर लक्ष ठेवणे, लहान भावंडांच्या शिकवण्या घेणे, मेडिकलच्या दुकानात मालाची नोंद ठेवणे ही कामे त्याच्या दृष्टीने 'घरची मदत' असतात. तथापि, हिशेबातील अचूकता, गुणवत्ता तपासणी व साठ्याचे व्यवस्थापन याच क्षमता कारखाने, बँका व निर्यात संस्था शोधत असतात.

महाविद्यालयीन उपक्रमांची स्थितीही वेगळी नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे नियमित कार्य व सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. परिचयपत्रात मात्र 'एन.एस.एस. प्रमाणपत्र' एवढाच उल्लेख आढळतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत काम केलेले काही विद्यार्थी तर आर्थिक परिस्थिती उघड होईल या संकोचाने तो उल्लेखच टाळतात. ज्या कष्टाचा अभिमान वाटावा, तोच लपविला जातो.

अशा अनुभवाची नोंद करताना काय केले, किती काळ व किती प्रमाणात केले आणि त्यातून काय साध्य झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. उदाहरणार्थ, 'ग्रंथालयात काम केले' या वाक्याऐवजी 'कमवा व शिका योजनेअंतर्गत दोन वर्षे ग्रंथालयात रोज ग्रंथांची देवघेव संगणकावर नोंदविली. वार्षिक ग्रंथमोजणीत सहभाग' असे लिहिल्यास तेच काम पुराव्यासह समोर येते. येथे अतिशयोक्तीस मुळीच स्थान नाही. मुलाखतीत ज्याविषयी चार वाक्ये बोलता येणार नाहीत, ते लिहू नये.

मांडणीविषयक सूत्रे :

१. प्रत्येक जाहिरात स्वतंत्रपणे वाचावी व तिच्यातील प्रमुख अपेक्षांना उत्तर देणारा मजकूर पहिल्या पानाच्या वरच्या भागात घ्यावा.
२. शिक्षण व अनुभव यांचा क्रम अलीकडून मागे असा असावा.
३. अनेक कंपन्या अर्जांची प्राथमिक छाननी संगणकप्रणालीद्वारे करतात. चौकटी, चित्रे व नक्षी यांतील मजकूर तिला नीट वाचता येईलच असे नाही. म्हणून साधी मांडणी व रूढ शीर्षके वापरावीत.
४. ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा, गांभीर्य राखणारा असावा.
५. शासकीय व सार्वजनिक उपक्रमांतील पदांसाठी बहुधा विहित नमुना असतो. तेथे त्यातील प्रत्येक रकाना मागणीनुसारच भरावा.

प्राध्यापकांची भूमिका :

परिचयपत्र अंतिम वर्षाच्या एका कार्यशाळेत तयार होत नाही. प्रथम वर्षापासून विद्यार्थ्याने एक नोंदवही ठेवावी व प्रत्येक सत्राच्या अखेरीस केलेल्या कामाच्या चार ओळी तीत लिहाव्यात. वर्गशिक्षकाने त्या वाचून 'म्हणजे नेमके काय केले?' एवढाच प्रश्न विचारला तरी पुष्कळ साधते. हे लेखन आधी मराठीत व्हावे. स्वतःच्या भाषेत काम स्पष्ट मांडता आले की ते इंग्रजीत आणणे सोपे जाते. थेट इंग्रजीत लिहू पाहणारा विद्यार्थी दुसऱ्याची वाक्ये उतरवितो. संगणकीय साधनांनी आता निर्दोष इंग्रजी क्षणात मिळते. परंतु विद्यार्थ्याच्या आयुष्यातील तपशील त्यांना ठाऊक नसतो. तो काढून घेणे हे शिक्षकाचेच काम आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या पदवी आराखड्यात क्षेत्रप्रकल्प, समाजकार्य व प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. त्यांचे अहवाल केवळ गुणांसाठी फाईलमध्ये न ठेवता त्यांतील मुद्दे परिचयपत्रात आणण्याची सवय विभागांनी लावावी. कमवा व शिका योजनेतील विद्यार्थ्यास 'काम केले' एवढ्यावर न थांबता कामाचे स्वरूप नमूद करणारे प्रमाणपत्र द्यावे. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

समारोप :

उत्तम परिचयपत्र नोकरी निर्माण करीत नाही, तसेच कौशल्याची उणीवही भरून काढत नाही. ते इतकेच करते की असलेली क्षमता योग्य व्यक्तीच्या नजरेस पडते. ज्या घरात यापूर्वी कोणी नोकरीचा अर्ज लिहिलेला नाही, त्या घरातील विद्यार्थ्याला हे सांगणारी व्यक्ती महाविद्यालयाबाहेर क्वचितच भेटते. म्हणून परिचयपत्राचे लेखन केवळ प्लेसमेंट कक्षाकडे न सोपविता, सर्व शाखांतील प्राध्यापकांनी ते आपल्या अध्यापनाचा भाग मानणे आवश्यक आहे.