शॅपरोन: पहारा कोणावर?

सोबतीला दिलेल्या जबाबदार व्यक्तीला इंग्रजीत शॅपरोन म्हणतात. हा शब्द मुळात माणसाचा नव्हे, कपड्याचा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘शापरों’ म्हणजे डोके आणि खांदे झाकणारे वस्त्र, जवळपास आपली कुंची. शार्ल पेरोने 1697 मध्ये छापलेल्या लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीच्या नावातही हाच शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘काप्पा’ हा लॅटिन शब्द. चॅपेल आणि पोर्तुगीजमार्गे गोव्यात आलेले कोपेल हीही त्याच कुळातली. अठराव्या शतकात इंग्रजीत हे पांघरूण माणूस झाले: अविवाहित तरुणीबरोबर समारंभाला जाणारी वडीलधारी, बहुधा विवाहित स्त्री. तिच्या असण्याला संरक्षण म्हणत, पण जपली जाई ती घराण्याची अब्रू, आणि पहारा असे मुलीवरच. आपली पाठराखीण नव्या नवरीला परक्या घरी धीर देण्यासाठी जाई. शॅपरोनचे काम तसे नव्हते.

म्हणूनच या शब्दाचा आजचा वैद्यकीय अर्थ मला मोलाचा वाटतो. नाजूक अवयवांची तपासणी होताना खोलीत हजर राहणाऱ्या तिऱ्हाइताला आता शॅपरोन म्हणतात. इथे पहारा दुबळ्या बाजूवर नसतो. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याच्या वागण्याला साक्षीदार असतो. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या मते नातेवाईक हा निःपक्ष साक्षीदार नव्हे, शॅपरोन शक्यतो प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी असावा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या आपल्या 2012 च्या पॉक्सो कायद्यातही पीडित मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच, आणि पालक किंवा मुलीच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर करायची आहे. तसे कोणी येऊ शकले नाही, तर रुग्णालयप्रमुखाने नेमलेल्या स्त्रीसमोर.

कोणी म्हणेल, शब्दाचे मूळ काहीही असो, अर्थ वापराने ठरतो. मान्य, पण इथे वापरच बदलला आहे, आणि तो पांघरुणाच्या मूळ कामाकडे परतला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिसऱ्या माणसामुळे रुग्णाचा संकोच वाढतो आणि डॉक्टरवर अविश्वास दिसतो. संकोच खरा आहे, म्हणूनच प्रौढ रुग्णाला नकार देण्याची मुभा हवी. अविश्वासाचे म्हणाल, तर खोट्या आरोपाच्या वेळी हाच साक्षीदार प्रामाणिक डॉक्टरच्याही कामी येतो. तेव्हा अशा तपासणीआधी ‘सोबत कोणी असेल का?’ असे विचारायला कचरू नका, आणि डॉक्टरांनीही ते विचारण्याची वेळ रुग्णावर येऊ देऊ नये.