स्कीम चालली, की टोमॅटो चालला?

जुलै 2023 आठवतोय ना? टोमॅटोचे भाव आभाळाला टेकले होते आणि नारायणगावच्या मार्केटची बातमी देशभर झाली होती. नेमकी त्याच महिन्यात मी माझ्या भांड्यांच्या दुकानात स्कीम लावली: मिक्सर घ्या, कुकर अर्ध्या किमतीत. गिऱ्हाइकांची नुसती झुंबड. मग काय, ट्रेनिंगमध्येही छाती ठोकून सांगायला लागलो, स्कीम लावा, धंदा वाढवा. पुढच्या वर्षी तीच स्कीम, दुप्पट माल भरून. निम्मे कुकर दिवाळीपर्यंत माळ्यावर पडून, आणि उधारीचं व्याज माझ्या खिशातून.

चालला होता टोमॅटो. लोकांच्या हातात पैसा होता, आणि श्रेय मी स्कीमला देऊन मोकळा झालो होतो.

'याच्यानंतर ते झालं, म्हणजे याच्यामुळेच झालं' ही सवय आपल्या सगळ्यांनाच असते. विज्ञानाची पद्धत तिथेच थांबवून विचारते, कशावरून?

याचं मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात, फेब्रुवारी 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडे जंगलात सोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. विचार सरळ होता, बिबट्या गेला की त्रास गेला. मलाही तो पटलाच असता. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले आणि 2011 मध्ये ते प्रसिद्ध केले. 1993 ते 2001 या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4. बिबटे हलवायला लागल्यावर, 2001 ते 2003 मध्ये, वर्षाला 17. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांच्यासमोर असे आकडे बोलायला मला आजही जड जातं.

आता कोणी म्हणेल, इथेही टोमॅटोसारखं दुसरंच कारण असेल. शंका एकदम बरोबर! म्हणूनच हल्ले कुठे झाले तेही पाहिलं गेलं. जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास, पूर्वी हल्ल्यांची नोंद नसलेल्या भागातही ते व्हायला लागले होते. एका आकड्यावर न थांबता दुसऱ्या बाजूने खात्री करायची, ती अशी.

दुकानात मी आता बदल करण्याआधी वहीत अंदाज लिहितो. किती विक्री झाली तर जमलं, आणि कितीच्या खाली गेली तर माझं चुकलं. हे आधीच लिहायचं बरं का, नंतर मन स्वतःला सांभाळून घेतं. एका वेळी एकच बदल. भाव, मांडणी, बोर्ड सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही. एक आठवडा स्कीम चालू, एक आठवडा बंद, परत चालू. शेजारी आठवडे बाजार, लग्नसराई, टोमॅटो-कांद्याचा भाव. वडील म्हणतात, "दुकान चालवतोस का पेपर तपासतोस?"

सध्या बाहेरचा बोर्ड बदललाय. अंदाज लिहिलाय: आठवड्याला 6 नवीन गिऱ्हाइकं, 3 च्या खाली गेलं तर बोर्ड फेल. चार आठवडे बघायचं ठरलंय. पहिल्या आठवड्यात 2 च आली. बोर्डाला पैसे बरेच गेलेत, त्यामुळे मन आत्ताच कारणं शोधायला लागलंय, पाऊस होता, रस्ता खोदला होता. तीही वहीत लिहिली आहेत. अजून तीन आठवडे बाकी आहेत.