खोक्यातून निघते विमान!



विमान कुठे बनते असे विचारले तर आपण म्हणतो, मोठ्या कारखान्यात. ते खरेच आहे. पण काही लहान विमाने घरीसुद्धा बनतात, बरं का! त्यांचे सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून घरी येतात आणि घरची माणसे ते जोडतात. अशा संचाला ‘किट’ म्हणतात. अमेरिकेत हा छंद पुष्कळांना आहे. तिथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या हाताने केले, तरच ते विमान ‘घरी बनवलेले’ म्हणून धरतात.

खोक्यात काय असते? पंखांच्या फासळ्या, ॲल्युमिनियमचे पत्रे, नट-बोल्ट, हजारो रिव्हेट, नकाशे आणि भागांची लांबलचक यादी. इंजिन बहुधा वेगळे येते.

खोका उघडण्याची रीत अशी :

(1) आधी खोका चारी बाजूंनी पाहायचा. कुठे फुटला असेल तर उघडण्याआधीच फोटो काढून ठेवायचा.

(2) झाकणाचे स्क्रू पेचकसाने काढायचे. पहार घालून उचकटायचे नाही. आतला पत्रा पातळ असतो, लगेच पोचा पडतो.

(3) एकेक भाग बाहेर काढून त्याचा नंबर यादीत शोधायचा. मोजायचे आणि मगच खूण करायची.

(4) कागद, पिशव्या लगेच फेकायच्या नाहीत. बारीक भाग त्यांतच दडलेले असतात.

(5) जे कमी निघेल ते लगेच कळवायचे.

एवढे कशाला, असे मलाही वाटले होते. पण गेल्या दिवाळीत आमच्याकडे टेबलफॅन आला. मी आणि माझ्या भावाने घाईघाईने खोका फाडला आणि सगळा कागद कचऱ्याच्या गाडीत टाकला. नंतर बघतो तर जाळी बसवायचे स्क्रू नाहीत! ते कागदातल्या छोट्या पिशवीत होते. बाबा होळीच्या बाजारात तीन दुकाने फिरले तेव्हा तसे स्क्रू मिळाले. तोवर पंखा कोपऱ्यात उभा. पंख्याचे ठीक आहे. सायकलची चेन पडली तरी आपण खाली उतरतो. आकाशात कुठे उतरणार?

विमानाचा शोध लावणारे राइट बंधूही या फेऱ्यातून सुटले नाहीत. 1907 साली त्यांनी आपले विमान खोक्यांत भरून जहाजाने फ्रान्सला पाठवले. तिथे ते बंदरात जकातीच्या गोदामात पडून राहिले. 1908 च्या जूनमध्ये थोरल्या विल्बरने खोके उघडले तर फासळ्या मोडलेल्या, कापड फाटलेले! तो धाकट्या ऑर्व्हिलवर फार रागावला, कारण खोके त्याने भरले होते. त्याने त्याला रागाचे पत्रही लिहिले. पुढे कळले की जकातीच्या लोकांनी तपासणी करताना सामान उलटेसुलटे केले होते. विल्बरने सगळे पुन्हा दुरुस्त केले आणि 8 ऑगस्ट 1908 रोजी विमान उडवून दाखवले. उड्डाण दोन मिनिटांचेही नव्हते, पण बघणारे थक्क झाले.

आता आपल्या जवळची गोष्ट. वसईहून गाडीत बसून खाडीचा पूल ओलांडला की पुढे कांदिवली लागते. तिथे चारकोपला राहणारे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवले. ते किटचे नव्हते. इंजिन बाहेरून आणले, पण सांगाडा त्यांनी स्वतःच उभारला. इंजिन आणि यंत्रे अरुंद जिन्याने वर चढवावी लागली. कित्येक वर्षे हे काम चालले. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईला ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शन भरले, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवले आणि प्रदर्शनात पुन्हा जोडले. विचार करा, आपणच जोडलेले आपणच सोडवायचे आणि परत जोडायचे! एक बोल्ट हरवला तरी पंचाईत.

एवढे करूनही लगेच उडता येत नाही. सरकारी नोंदणी लागते, परवानगी लागते. ही नोंदणी 2017 साली झाली आणि 2020 साली धुळ्याला विमानाची चाचणी झाली. त्यांनी धीर सोडला नाही.

मित्रांनो, विमान बनवायला हुशारी लागतेच. पण आधी मोजायची आणि जपून ठेवायची सवय लागते. ती आपल्यालाही लावून घेता येईल.

आता आमच्या घरी नवी वस्तू आली की मी आधी यादी मागते. बाबा हसतात, पण देतात.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी