पेटंट म्हणजे परवाना नव्हे

गेल्या गणपतीत आमच्या अ‍ॅशबर्नच्या घरी आरतीला आलेल्या एका स्नेह्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या मुलाने दोन मित्रांसह व्हिडिओ पाठवण्याचे अ‍ॅप काढले आहे, आणि त्यात वडिलांची बरीचशी शिल्लक गुंतली आहे. या अ‍ॅपने आमच्या पेटंटचा भंग केला, असे एका कंपनीच्या वकिलाचे पत्र आले होते. “पण आमचंही पेटंट आहे ना!” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आपल्यातल्या पुष्कळ इंजिनिअरांचाही हाच समज असतो, म्हणून हा लेखप्रपंच.

पेटंट हा वस्तू बनवण्याचा परवाना नव्हे. दुसऱ्याला ती बनवण्यापासून रोखण्याचा तो हक्क आहे, आणि तोही अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षांपुरता. समजा, एकाकडे खुर्चीचे पेटंट आहे आणि तुम्ही तिला झुलणारे पाय लावून त्यांचे पेटंट घेतलेत. तरी झुलती खुर्ची विकायला तुम्हाला त्याची संमती लागेल, आणि त्याला तुमची!

यातून मोठेही सुटत नाहीत. व्हॉक्सर कंपनीचे संस्थापक टॉम कॅटिस अफगाणिस्तानात सैनिक होते. २००३ मध्ये त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा संपर्कयंत्रणा किती तोकडी आहे हे त्यांना कळले. त्यातून आवाज आणि व्हिडिओ तत्क्षणी पोचवण्याचे तंत्र पुढे आले. फेसबुक लाइव्ह आणि इन्स्टाग्राम लाइव्हने तेच वापरले, असा दावा व्हॉक्सरने २०२० मध्ये लावला. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने १७ कोटी ४५ लाख डॉलर भरपाई ठरवली. भंग केलाच नाही, आम्ही अपील करू, असे मेटाने तेव्हा जाहीर केले.

मग अ‍ॅप बंद पडते का? आपल्या व्हर्जिनियातल्या मर्कएक्स्चेंजने ईबेवर लावलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले, की भंग सिद्ध झाला म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळत नाही. त्यामुळे पुष्कळदा गोष्ट पैशावर येते. लहान कंपनीला मात्र वकिलाची फीच जड जाते.

असे पत्र आले तर ते केरात टाकू नका आणि रागाच्या भरात स्वतः उत्तरही देऊ नका. पेटंटच्या शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात, ते वाचा. दाव्यातला प्रत्येक भाग तुमच्या वस्तूत असला तरच शब्दशः भंग होतो. तेच तंत्र आधी कुणी प्रसिद्ध केलेले सापडले, तर पेटंटलाच आव्हान देता येते. त्यासाठीचे मंडळ आपल्या जवळच्याच अलेक्झांड्रियातल्या पेटंट कार्यालयात आहे. पण खटल्याचे कागद हाती पडल्यापासून एका वर्षात तिथे अर्ज करावा लागतो.

स्नेह्यांचा मुलगा दोन संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर दाव्यांचे तुकडे पाडत बसला. मुख्य दाव्यात व्हिडिओ सर्व्हरवर साठवून ठेवण्याची अट होती. याचे अ‍ॅप तो साठवतच नाही. वकिलाने तेवढेच उत्तर धाडले आहे. समोरून अजून काही आलेले नाही. वडिलांची झोप अजून पुरती परतलेली नाही, पण “आमचंही पेटंट आहे” म्हणायचे त्यांनी सोडले आहे.